सासरचं कौतुक

सासरचं कौतुक चारचौघांत करू नये म्हणतात. पण माझं सासर फिनलंडचं, आणि फॅमिली ग्रुपवर इथल्या शाळांचे जे फॉरवर्ड फिरतात ते वाचून गप्प बसवत नाही. गृहपाठ नाही, परीक्षा नाहीत, विषयच काढून टाकले म्हणे! अहो, माझी लेक इथे, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात, पाचवीत आहे. गृहपाठ असतो, चाचण्या असतात, पाढेसुद्धा असतात. शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि बोर्डासारखी देशव्यापी परीक्षा फक्त बारावीच्या वयाला येते, एवढं मात्र खरं.

मला अभिमान वाटतो तो निराळ्याच गोष्टींचा.

सासूबाई उत्तरेकडच्या ओउलू शहराच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. त्यांच्या लहानपणी चौथीनंतर मुलांची वाटणी व्हायची. प्रवेशपरीक्षा पास झालात आणि घरात फीपुरते पैसे असले तर पुढे विद्यापीठापर्यंतचा रस्ता मोकळा. नाहीतर अजून काही वर्षं गावच्या शाळेत काढायची आणि मग लाकूडतोडीला जायचं. सासूबाई पुढे शिकायला गेल्या, त्यांचा थोरला भाऊ मागे राहिला. तो जास्त हुशार होता, हे त्या अजून सांगतात आणि सांगताना सिंकमधली भांडी जरा जोरातच आपटतात. 1968 च्या कायद्याने ही वाटणी मोडली. नऊ वर्षं सगळ्यांना एकच शाळा, फुकट. अंमलबजावणी 1972 मध्ये उत्तरेकडून, लॅपलँडपासून सुरू केली आणि हेलसिंकीचा नंबर लागला सगळ्यात शेवटी, 1977 मध्ये. म्हणजे आधी गडचिरोली, शेवटी मुंबई!

जेवणाचंही तसंच. प्रत्येक मुलाला शाळेत फुकट जेवण द्यायचा कायदा या लोकांनी 1943 मध्ये केला, रशियाशी युद्ध चालू असताना, खिशात दमडी नसताना. 1948 पासून तो देशभर लागू झाला. मुलांनी शाळेच्या स्वयंपाकघरासाठी भाजी लावायची, रानमेवा गोळा करायचा, हेही त्यात होतं. सासूबाईंनी लिंगोनबेरीच्या बादल्याच्या बादल्या शाळेत नेल्यात. आता गुरुवारी वाटाण्याचं घट्ट सूप आणि त्यावर पॅनकेक असतो. लेक सूप कसंबसं संपवते, पॅनकेकसाठी.

यंदा तिने शाळेत लोणी लावायची लाकडी सुरी केली. एका बाजूला जाड, टोकाला किंचित वाकडी, पण पॉलिश पेपरने घासून घासून अशी गुळगुळीत केलीय की हातातून ठेववत नाही. वर्गातले मुलगे शिवण शिकतात, मुली करवत चालवतात. 1866 मध्ये उनो सिग्नेउस यांनी इथल्या प्राथमिक शाळांची घडी बसवली, तेव्हापासून हस्तकला सक्तीची आहे. वाचनाची सक्ती तर त्याहून जुनी. फिनलंड स्वीडनच्या राज्यात होतं तेव्हा, 1686 च्या चर्चच्या कायद्यापासून, ज्याला वाचता येत नाही त्याचं लग्नच अडायचं. पत्रिका बघायच्या आधी वाचन बघा! (ही प्रथा आपल्याकडे आणायला माझी काही हरकत नाही.)

आता कोणीतरी पिसाचे (पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी होणारी चाचणी, PISA) आकडे काढेल, तर मीच देते. 2006 मध्ये गणितात 548 गुण होते, 2022 मध्ये 484. घसरण मोठी आहे आणि इथल्या पेपरांत त्यावर रान उठलेलं असतं. 2025 च्या ऑगस्टपासून वर्गात मोबाइलवर कायद्यानेच निर्बंध आले, त्यामागे हीच धास्ती.

मला मात्र गुणांपेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. घराजवळची शाळा चांगलीच असणार, हा या देशाचा खरा दागिना. मोजके अपवाद सोडले तर शाळेला फी लावायची परवानगी नाही, डोनेशन ही भानगडच नाही. पण हल्ली हेलसिंकी-एस्पोकडे लोक शाळा बघून फ्लॅट घ्यायला लागलेत. परदेशी मुलं जास्त असलेली शाळा नको, असं हळू आवाजात सांगतात. सांगणाऱ्यांत आपले देशीही आहेत, ज्यांची मुलं इथल्या हिशेबाने परदेशीच! गणपतीत मी हे बोलून दाखवलं तर दोन घरांनी अबोला धरला. धरू देत.