खुराक तोडून पिशवीतला पू थांबत नाही

‘गायीच्या पिशवीत (गर्भाशयात) पू होतो तो फक्त गोठ्यातल्या घाणीमुळे. व्यायच्या महिनाभर आधी खुराक तोडा, जार (वासरामागून पडणारी वार) अडकला तर ओढून काढा, व्याल्याबरोबर पिशवी आयोडीनने धुवा.’ हा मेसेज फिरत फिरत आमच्या काकांकडे आला आणि त्यांनी गाभण गायीची पेंड बंद करून टाकली. आता गप्प कसं बसायचं?

घाणीचं अर्धं खरं आहे, मान्य. व्यायची जागा कोरडी, स्वच्छ हवीच. पण व्याल्यानंतरच्या दोन आठवड्यांत ८० ते १०० टक्के गायींच्या गर्भाशयात जिवाणू शिरलेले असतात. बहुतेक गायी ते आपसूक निपटून काढतात, काहींना जमत नाही. का जमत नाही, हा प्रश्न मेसेजवाल्याला पडलेलाच नाही.

निपटायचं काम रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं, मुख्यतः न्यूट्रोफिलचं. त्यांना ग्लुकोज लागतं. नेमकी व्यायच्या सुमारास गायीची भूक मंदावते. ग्लुकोज आधी वासरू ओढतं, मग दूध. तूट भरायला अंगावरची चरबी वितळते, यकृतावर ताण येतो, रक्तात किटोन (चरबी वितळताना तयार होणारे पदार्थ) वाढतात. चिकातून कॅल्शियम जातं ते वेगळंच. अशा गायीच्या पेशी जिवाणू मारण्यात ढिल्या पडतात. आणि याच वेळी आपण तिच्या पुढ्यातली पाटी उचलायची!

हझी आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास ‘जर्नल ऑफ डेअरी सायन्स’मध्ये आहे. पुढे गर्भाशयाचा तीव्र दाह (जंतूंमुळे येणारी सूज) झालेल्या गायी व्यायच्या दोन आठवडे आधीपासूनच कमी खात होत्या. शेवटच्या आठवड्यात खाण्यातला कोरडा अंश (पाणी वगळून उरणारा चारा) दिवसाला एक किलोने घटला, तर दाहाची शक्यता जवळजवळ तिप्पट. त्यांना कुणी उपाशी ठेवलं नव्हतं बरं, समोर असूनही त्यांनी कमी खाल्लं होतं. आपण तर मुद्दाम तोडायला निघालोय.

अंगाने फार सुटलेली गाय व्यायच्या वेळी कमी खाते, हेही खरं. पण तिचं अंग आवरायचं ते दुधात असताना, शेवटच्या महिन्यात नाही.

जार ओढू नका. आतलं अस्तर फाटतं. सरसकट आयोडीननेही तेच अस्तर पोळतं.

तांबूस-तपकिरी, पातळ, घाण वासाचा स्राव आणि ३९.५ अंश सेल्सिअसवर ताप दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. ताप थर्मामीटरनेच बघायचा, कान चाचपून नाही.