तीन मिनिटं हात लावू नका

लाइट रात्री पावणेबाराला गेली आणि एक वाजून दहा मिनिटांनी आली. मधल्या काळाबद्दल काही लिहीत नाही. उकाड्यात माणसं एकमेकांशी काय बोलतात ते घरातल्या घरात राहिलेलं बरं. लाइट आल्याबरोबर पंखा फिरला, फ्रिजने खाकरून घसा साफ केला, बाथरूममध्ये विसरलेला दिवा लागला. थोड्या वेळाने एसीनेही ‘टिंग’ केलं. पट्टी ऐटीत उघडली, वारा सुरू झाला. त्या वाऱ्यात गारवा तेवढा नव्हता.

“बाहेरचं लागलं नाही,” अप्पा अंधारातून म्हणाले. माझ्या वडिलांना दारावरची बेल ऐकू येत नाही, पण बाहेरच्या युनिटची घरघर बंद असली की ती न येणारी घरघर त्यांना गाढ झोपेतही ऐकू येते.

“लागेल. तीन मिनिटं थांबा,” मी म्हणालो.

हे मी ठासून म्हणू शकलो, कारण या यंत्राबद्दल मला जी एकमेव गोष्ट नीट माहीत आहे ती हीच. बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, चालू असताना गॅस एका बाजूला दाबून भरलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला विरळ. यंत्र बंद पडलं की हा दाब हळूहळू दोन्हीकडे सारखा होतो. त्याआधीच कॉम्प्रेसरला उठवलं तर मोटर जागची हलत नाही, नुसती कण्हते आणि नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून आतला बोर्ड त्याला साधारण तीन मिनिटं अडवून धरतो. लाइट दीड तास गेली होती की दीड सेकंद, हे त्या बोर्डाला कळायला मार्ग नाही. तो आपला जाग आल्यापासून मोजायला लागतो.

आमच्याकडे वर स्टॅबिलायझर आहे. त्याचाही स्वभाव असाच, तोही लाइट आल्यावर आपली तीन मिनिटं घेतो आणि मगच एसीला वीज सोडतो. म्हणजे मेन स्विचपासून धरलं तर तीन अधिक तीन, सहा मिनिटं. आता सांगायची गोष्ट एवढीच की आमच्या घरात सलग सहा मिनिटं कुणीही कशालाही हात न लावता बसल्याची नोंद नाही.

पहिल्यांदा बायकोने रिमोटने एसी बंद करून पुन्हा चालू केला. “अगं, तीन मिनिटं,” मी म्हणालो. “झाली की,” ती म्हणाली. झाली नव्हती. मग अप्पा टेस्टर घेऊन उठले. अप्पांच्या मते घरातला प्रत्येक बिघाड, नळ गळण्यासकट, फेज उडाल्यामुळे होतो. त्यांनी स्विचबोर्डाच्या भोकात टेस्टर घातला, आतला दिवा लागला, तेव्हा थोडे नाराज झाले आणि खात्री करण्यासाठी एमसीबी खाली पाडून वर केला. पंखा थांबला, फिरला. फ्रिज पुन्हा खाकरला. सहा मिनिटं पुन्हा एकपासून.

तोवर आई उठली होती. तिने कुणालाच काही विचारलं नाही, सरळ स्टॅबिलायझरचं बटण बंद केलं. “तापलाय बिचारा, जरा गार होऊ दे.” तिच्या म्हणण्यात माया होती, त्यामुळे मला बोलता येईना. पाचेक मिनिटांनी तिनेच तो मायेने चालू केला.

दीड वाजता मी मेव्हण्याला मेसेज टाकला. तोही जागाच होता, सगळेच जागे होते. त्याचं उत्तर एका शब्दाचं: कॅपॅसिटर. शेजारचे गॅलरीत वारा खात उभे होते, ते कठड्यावरून म्हणाले, गॅस गेला असणार. लाइट गेली म्हणून गॅसही तिच्यासोबत का जावा, हे मी विचारलं नाही. बंद नळीतला गॅस गळती झाल्याशिवाय कुठे जात नसतो. पण एसी बंद पडला की “गॅस गेला” म्हणायचं असतं.

यानंतर जे झालं त्याला मीच जबाबदार आहे. मी मुलीला म्हणालो, “रिमोट चालतोय का बघ.” कल्पना तशी चांगली होती. रिमोटच्या नाकातून निघणारा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्याला दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर पुढच्यात बघायचा. तिने रिमोट फोनसमोर धरला, बटण दाबलं आणि पडद्यावर एक जांभळा ठिपका लुकलुकला. आम्ही सगळे हरखलो. आईने पुन्हा दाबायला लावलं. अप्पांना चष्मा सापडेपर्यंत आणखी चार वेळा दाबावं लागलं. घरात असा आनंद त्या रात्री प्रथमच झाला. फक्त ते बटण कोणतं होतं, याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. ते ‘मोड’चं बटण होतं.

त्यानंतर वाराही बंद झाला. एसीचा हिरवा दिवा लागलेला, पट्टी उघडलेली, आणि बाकी सगळं शांत.

“संपलं,” अप्पा म्हणाले. “कमी कर. सोळावर आण.”

मी सोळावर आणला. काही नाही. खोलीत बत्तीस अंश, रिमोटवर सोळा, आणि भिंतीवरचं ते पांढरं खोकं ढिम्म. सोळाच्या खाली जाता येत नाही याचा मला त्या क्षणी खरोखर राग आला. मी चौदा मागितले असते.

बायको शहाणी. ती उशी घेऊन गॅलरीत गेली. मी अंधारात एसीकडे बघत बसलो. अशा वेळी माणसाला नको ती माहिती आठवते. हा आमचा एसी दीड टनाचा. आई पहिल्या दिवशी म्हणाली होती, एवढं वजन भिंत पेलेल का? हा टन वजनाचा नव्हे. पूर्वी गारव्यासाठी बर्फाच्या लाद्या वापरत, तेव्हाचा हा हिशेब आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी ओढून बाहेर टाकायची ताकद म्हणजे एक टन. म्हणजे माझ्या भिंतीवर दीड टन बर्फ टांगलेला होता आणि तो वितळायला तयार नव्हता.

आणखी एक आठवलं. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने 1902 साली अमेरिकेत, ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जागेवर बसायचे नाहीत, म्हणून. म्हणजे हे प्रकरण मुळात माणसांसाठी नव्हतंच, कागदासाठी होतं. आणि कागदाचं मला पटतं. कागद ठेवला तिथे पडून राहतो. दर दोन मिनिटांनी उठून एमसीबी पाडत नाही.

सकाळी साडेनऊला मेकॅनिकने फोन उचलला. मी रात्रीचा अख्खा वृत्तांत सांगितला: जांभळा ठिपका, सोळा अंश, कॅपॅसिटरची शंका, सगळं. त्याने मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग म्हणाला, “साहेब, रिमोट हातात घ्या. वर कोपऱ्यात काय दिसतंय?”

मी रिमोट उजेडात नेला. चष्मा लावला.

“सूर्य.”

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“बर्फाचं फूल आणा,” तो शेवटी म्हणाला.

आमचा एसी गरमही करतो, हे मी घेताना ऐकलं होतं आणि लगेच विसरलो होतो. रात्री त्या जांभळ्या ठिपक्याच्या नादात आम्ही त्याला हीटर केलं. आता त्याच्या बाजूने बघा. मालक म्हणतो, खोली सोळा अंशांपर्यंत तापव. खोली आधीच बत्तीस. तो म्हणतो, मालक, झालंय तुमचं काम, तेही दुप्पट. आणि हात जोडून गप्प बसतो. आम्ही जितके आकडे उतरवत गेलो तितका तो अधिकाधिक कृतार्थ होत गेला. रात्रभर त्या घरात समाधानी असा तो एकटाच होता.

त्या आधी काय बिघडलं होतं? काहीही नाही. आम्हीच त्याला मोजू दिलं नाही.

मी बर्फाचं फूल आणलं, चोवीस अंश लावले. स्टॅबिलायझर रात्री वैतागून बंद केलेला होता, तो चालू केला आणि सगळ्यांना समोर बसवून सांगितलं: सहा मिनिटं. कुणी उठायचं नाही. रिमोट माझ्या मांडीखाली. आई बसली, बायको बसली, मुलीने फोनवर घड्याळ लावलं. दोन मिनिटं. तीन. स्टॅबिलायझरमधून ‘टक्’ झालं आणि पट्टी उघडली. चार. अप्पा खुर्चीत चुळबुळ करायला लागले. पाच मिनिटं पन्नास सेकंदांना त्यांना राहवलं नाही. ते उठले, स्टॅबिलायझरपाशी गेले आणि टेस्टरच्या मुठीने त्याच्या डोक्यावर दोनदा टकटक केलं.

बाहेर घर्र झालं. पाठोपाठ गार झोत आला.

अप्पा आमच्याकडे वळले. “लूज होतं,” म्हणाले.

मी तोंड उघडलं, दाबाचं, बोर्डाचं, दोन टायमरांचं सगळं सांगणार होतो. बायकोने नुसतं बघितलं. मी मिटलं.

तेव्हापासून टेस्टर स्टॅबिलायझरशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. परवा पुन्हा लाइट गेली आणि आली. कुणीही रिमोटला हात लावला नाही, कुणी एमसीबीकडे गेलं नाही. सगळे अप्पांच्या टकटकीची वाट बघत बसलेले. मुलगी फोनमधल्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून होती.

“आजोबा,” ती म्हणाली, “आता मारा.”