पहारा कुठे द्यायचा?

शैला काल कट्ट्यावर आली तीच उतरलेल्या चेहऱ्याने. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे मोटार अपघातांचे क्लेम ती पाच वर्षं घरून बघतेय. परवा रात्री अकराला टीमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘अर्धी टीम जाणार’. सकाळी मेसेज डिलीट. त्यानंतर दिवसभर कुणाचं कामात लक्ष नाही, नुसते एकमेकांना फोन.

“अफवा आहे गं,” नंदू म्हणाला. कुठल्याही कंपनीबद्दल कुणी वावगं बोललं की नंदूला ते स्वतःच्या घरातल्याबद्दल बोलल्यासारखं लागतं. “काम करणाऱ्याला कुणी काढत नाही. परफॉर्मन्स दाखव आणि निवांत झोप.”

“मागच्या मार्चमध्ये जिला काढलं ना, तिला पाचपैकी पाच रेटिंग होतं,” शैला म्हणाली. “दहा वर्षांची नोकरी, म्हणून पगार जास्त. तोच नडला.”

“कायदा नेमका उलटं सांगतो,” विनायक सरसावून बसला. तो कामगार कोर्टात वकिलाच्या हाताखाली आहे, त्यामुळे अशा वेळी त्याला थांबवणं अवघड. “१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, की शेवटी आला तो साधारणपणे आधी जाईल. वर्षभर नोकरी झाली असेल तर महिन्याची नोटीस, आणि झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. पण हे सगळं ‘कामगारा’ला. तुझं पद काय?”

“असिस्टंट मॅनेजर.”

“हाताखाली किती माणसं?”

“कुणी नाही. एक मांजर आहे, तेही ऐकत नाही.”

“हीच गंमत आहे! नावाला मॅनेजर करायचं आणि कामगारांतून बाहेर काढायचं. पण कोर्ट पाटी बघत नाही, प्रत्यक्ष काम काय करतेस ते बघतं. हे लक्षात ठेव.”

“हे बघा,” नंदू हात वर करून म्हणाला, शाळेतल्यासारखा, “कंपनी काय धर्मशाळा आहे का? विम्याचा धंदा तोट्यात गेला तर त्यांनी तरी काय करायचं?”

इथे शैला पहिल्यांदा ताठ बसली. “तोटा कसा मोजतात माहीत आहे? क्लेमचे पैसे अधिक खर्च, भागिले प्रीमियम. त्याला कंबाइंड रेशो म्हणतात. शंभर टक्क्यांच्या वर गेला की विम्यात तोटा. आता क्लेम तर द्यावेच लागतात. प्रीमियम वाढवायचा तर तिकडे बहुतेक राज्यांत नियामकाकडे दर दाखल करावे लागतात, त्यात महिने जातात. मग हाताशी उरतो खर्च, आणि खर्च म्हणजे आम्ही. इथपर्यंत मलाही कळतं. पण गायकोचं बघ, तिकडची मोठी मोटार विमा कंपनी. विम्यातला तोटा २०२२चा. २०२३च्या पहिल्याच तिमाहीत नफा परत आला. आणि ऑक्टोबर २०२३मध्ये काढली सुमारे २,००० माणसं, ६%. तोटा भरून निघाल्यावर, नंदू. भरून निघाल्यावर.”

नंदूने चष्मा पुसला.

“आणि फार्मर्स इन्शुरन्स, तीही तिकडचीच?” तिने सोडलं नाही. “आधी सांगितलं, बहुतेकांनी घरूनच काम करा. त्या भरवशावर लोक लांब राहायला गेले. २०२३मध्ये नवे साहेब आले आणि म्हणाले, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या. ऑगस्टमध्ये २,४०० जणांना नारळ, ११%. म्हणजे घरून काम करू दिलं ते उपकार म्हणून, आणि परत बोलावलं तेही सांगून-विचारून नाही.”

“तिकडचे लोक म्हणतात, आमचं काम तुम्ही पळवलंत,” मी म्हणालो.

“आणि इकडे आम्ही म्हणतो, मशीन पळवतंय. गाडीचे फोटो टाकले की दुरुस्तीचा अंदाज आपोआप तयार होतो आता. मी फक्त तपासते. ते तपासायला उद्या कितीजण लागणार?”

मशीन म्हटल्यावर अण्णांना राहवेना. अण्णा एलआयसीतून निवृत्त. २४५ कंपन्या एकत्र करून १९५६ साली महामंडळ झालं ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलीय की तो आकडा झोपेतही सांगता येईल. काल मात्र त्यांनी दुसरी काढली. साठच्या दशकात एलआयसीत संगणक येणार म्हटल्यावर कलकत्त्याच्या इलाको हाउसबाहेर कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला होता. यंत्र आत जाऊ द्यायचं नाही, नोकऱ्या जातील म्हणून. युनियनच्या जुन्या लोकांकडून ऐकलेलं, पण सांगताना अण्णांचा आवाज चढला होता.

“आणि शेवटी संगणक आलाच ना?” नंदू.

“आला की. पण त्यांना पहारा द्यायला एक इमारत तरी होती,” शैला म्हणाली. “मी कुठे देऊ पहारा? माझ्याच बेडरूमच्या दाराशी?”

यावर कुणी बोललं नाही. मला वाटतं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. ऑफिसात माणसाला अंदाज येतो. साहेबाच्या केबिनचं दार जास्त वेळ बंद राहिलं, एचआरची बाई जिन्यात नजर चुकवून गेली, की जिन्याखाली चार जण जमतात आणि निदान एकत्र घाबरतात. घरी शैलाकडे काय आहे? सहकाऱ्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका. तो राखाडी झाला आणि मेल परत आला की समजायचं, गेला. रद्द झालेल्या प्रत्येक मीटिंगचा अर्थ ती रात्रभर लावत बसते. लोक अफवा पसरवतात म्हणून त्यांना दोष देणारे, कंपनी एक शब्द बोलत नाही याबद्दल का गप्प असतात?

“अमेरिकेतल्या १९८८च्या कायद्यातही इमारतीचाच घोळ आहे,” विनायक म्हणाला. “मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची नोटीस. पण माणसं मोजायची एका ठिकाणची, निदान ५०. घरून काम करणाऱ्याचं ‘ठिकाण’ कोणतं, यावर तिकडे कोर्टात भांडणं चाललीत.”

“म्हणजे आम्ही मोजण्यातही नाही,” शैला म्हणाली.

नंदूला आता माघार घ्यायची होती, पण जमत नव्हतं. “मी एवढंच म्हणतोय, व्यवस्थापनाची बाजूही...”

“नंद्या, अकरावीत मॉनिटर होतास,” दिलीप म्हणाला. तो तोवर अवाक्षर बोलला नव्हता. “बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचास. सर वर्गात नसताना मी तुझ्याकडे पेन्सिल मागितली, तर माझं नाव दोनदा लिहिलंस.”

“दोनदा बोलला होतास.”

“दुसऱ्यांदा ‘नाव पूस’ म्हणालो होतो!”

अण्णा हसता हसता खोकायला लागले. शैलाही हसली, पहिल्यांदाच. नंदू गंभीरपणे सांगत राहिला की नियम सगळ्यांना सारखे होते, आणि त्याने हसू आणखी वाढलं.

तिची शिफ्ट साडेसहाला. ती उठली तसा विनायक म्हणाला, “उद्या नेमणूकपत्र घेऊन ये. नोटिशीचं कलम वाचतो. आणि रेटिंगचे मेल आत्ताच काढून ठेव, लॉगिन बंद झाल्यावर काही हाती लागत नाही.”

“आणते. पण पत्र परत दे हं. माझी अकाउंट्सची वही बारावीपासून तुझ्याकडे आहे.”

“ती दिलीपकडे आहे.”

“माझ्याकडे? नंदूने नेली होती!”

शैला रस्ता ओलांडून गेली तरी वहीचा निकाल लागला नव्हता.