गोदी कामगारांची छत्री

माझे वडील मुंबई गोदीत कामाला होते. शाळेला सुट्टी असली की त्यांचा डबा घेऊन मी हार्बरच्या गाडीनं डॉकयार्ड रोडला जायचे. सँडहर्स्ट रोडला हार्बरचा फलाट मेन लाइनच्या वर आहे. तिथून पुढे गाडी उंचावरून जाते आणि खाली गोदामं, ट्रक, हातगाड्या दिसत राहतात. लिव्हरपूलला राहायला आल्यावर कळलं, की इथंही गोद्यांच्या कडेनं अशीच उंचावरून विजेची गाडी धावत होती. तेव्हापासून या रेल्वेनं मला झपाटलंय.

लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वे 4 फेब्रुवारी 1893 ला सुरू झाली. विजेवर चालणारी जगातली ही पहिली उन्नत रेल्वे. आपल्याकडे व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 3 फेब्रुवारी 1925 ला, म्हणजे त्यानंतर 32 वर्षांनी! डिंगलपासून सीफोर्थपर्यंत जवळजवळ सगळ्या गोद्या ओव्हरहेड रेल्वेनं जोडल्या होत्या. पावसात माणसं तिच्या लोखंडी पुलाखालून कोरडी चालत कामावर जायची, म्हणून तिचं नाव पडलं ‘गोदी कामगारांची छत्री’. मे 1941 च्या बॉम्बहल्ल्यांत तिच्यावरही बॉम्ब पडले. दुरुस्त करून ती पुन्हा चालवली.

बॉम्बनं जे झालं नाही ते बिलानं केलं. पुलाखालून गोदीच्या मालगाड्या जायच्या. त्यांच्या वाफेच्या इंजिनांचा धूर आणि ओल यांनी वरचा लोखंडी पत्रा गंजत गेला. 1955 च्या पाहणीत दुरुस्तीला सुमारे 20 लाख पौंड लागतील असं निघालं. 1948 ला देशातल्या बहुतेक रेल्वे कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या, ही मात्र खासगीच राहिली होती. कंपनीनं महापालिकेकडे आणि गोदी मंडळाकडे हात पसरले. कुणी पुढे आलं नाही. 30 डिसेंबर 1956 ला शेवटची गाडी गेली आणि पुढच्याच वर्षी पूल उतरवायला घेतला. आज वॉपिंगच्या गोदामाच्या भिंतीत तिचे थोडे खांब उरलेत. मी आजही त्यांना हात लावून येते.

या शहरानं असं पुनःपुन्हा केलंय, म्हणून मला राग येतो. कस्टम्स हाउस घ्या. 1715 साली बांधलेली जुनी गोदी बुजवून त्या जागी ते भव्य घुमटाचं कचेरीघर उभं केलं होतं. बॉम्बनं घुमट जळाला, पण भिंती उभ्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या माणसांनीच पाडल्या. खलाशांसाठीचं सेलर्स होम 1974 ला पाडलं. मुंबईचं सेलर्स होम मात्र अजून दिमाखात उभं आहे, तिथं आज राज्याचं पोलीस मुख्यालय आहे. इमारतीचं मूळ काम संपलं तरी तिला दुसरं काम देता येतं, ते असं.

आणि स्वप्नं बघण्यात लिव्हरपूल कधीच मागे नव्हतं. नवी दिल्लीवाल्या वास्तुकार लट्यन्सनं इथल्या कॅथलिक कॅथेड्रलसाठी रोमच्या सेंट पीटर्सपेक्षा मोठा घुमट आखला होता. 1933 ला पायाभरणी झाली, युद्धात काम थांबलं, फक्त तळघर पुरं झालं. पण ते मोडलं नाही. त्याला लागूनच दुसऱ्या आराखड्याचं कॅथेड्रल 1967 ला उभं राहिलं. हा शहाणपणा मला फार आवडतो. नदीकाठी ‘द क्लाउड’ नावाची इमारत येणार होती. 2002 ला तिची निवड झाली आणि 2004 ला बेत गुंडाळला. पुढे त्या भागात लिव्हरपूलचं संग्रहालय झालं, आणि ओव्हरहेड रेल्वेचा डबा आता तिथंच ठेवलाय.

मी नव्याच्या विरोधात नाही. एव्हर्टन या फुटबॉल क्लबचं स्टेडियम ब्रॅमली-मूर गोदीत बांधलं म्हणून इथं किती भांडणं झाली! युनेस्कोनं 2021 ला लिव्हरपूलचा जागतिक वारशाचा दर्जा काढला, त्याच्या कारणांत हे स्टेडियमही होतं. तरीही मी स्टेडियमच्या बाजूनं आहे. 1848 ची ती गोदी ओसाड पडली होती, आता तिथं 52 हजारांहून जास्त माणसं येतात. शिवाय गोदीची जुनी दगडी भिंत आणि 1883 चा मनोरा सांभाळलाय.

माझं भांडण वेगळं आहे. इतक्या माणसांना घरी कसं पोचवायचं, हे आधी नको का ठरायला? सामना संपला की सगळी गर्दी सँडहिल्स स्टेशनकडे चालत निघते आणि तिथं रांगा लागतात. याच गोदी रस्त्यावरून ती गाडी धावत होती. आणि उत्तरेकडच्या गोद्यांच्या जागी हजारो घरं, कार्यालयं उभारायचा लिव्हरपूल वॉटर्सचा आराखडा अजून पुरा व्हायचाय. ती माणसंही इथंच राहायला येणार आहेत. त्यांच्यासाठी रेल्वे म्हणा, ट्राम म्हणा, काहीतरी रुळावरचं आजच आखायला हवं, घरांच्या आधी. पैसे कोण देणार हा प्रश्न 1955 लाही विचारला होता. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही, आणि शहर ते 70 वर्षं भोगतंय.

गेल्या आठवड्यात सामना सुटला तेव्हा मी गोदी रस्त्यावर होते. पाऊस जोरात होता. एक म्हातारे आजोबा नातवाचा हात धरून भिंतीच्या कडेकडेनं चालले होते. नातू वर आभाळाकडे बघत होता. आजोबा त्याला हातानं दाखवून सांगत होते, गाडी कुठून जायची ते.