२१९ रुपये ४८ पैशांचा परदेश

माझा पासपोर्ट २०१७ साली संपला. विम्याच्या कागदांखाली, कपाटाच्या खालच्या खणात तो पडून आहे. त्यातला फोटो आता मलाही ओळखत नाही. नवा काढायचं दर दिवाळीला ठरतं आणि फराळाबरोबर संपतं. असं असूनही गेल्या महिन्यात मी परदेशी व्यवहार करून आलो, असं माझ्या क्रेडिट कार्डाचं म्हणणं आहे.

कार्डाचं स्टेटमेंट वाचणं हे आमच्या घरातलं मासिक व्रत, आणि ते पूर्णपणे माझ्याकडे. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख असा पासवर्ड टाकायचा, तो दोनदा चुकवायचा, मग प्रिंट काढून पट्टी आणि लाल पेन घेऊन बसायचं. किराणा बरोबर. पेट्रोल बरोबर. बायकोच्या दोन कुर्त्यांच्या जागी पाच निघाले, तिथे लाल पेन जरा थबकलं आणि शहाणपणाने पुढे सरकलं. मग पट्टीखाली ती ओळ आली : मार्कअप फी, म्हणजे परदेशी व्यवहारावरचा आकार, १८६ रुपये. तिच्याखाली जीएसटी, ३३ रुपये ४८ पैसे.

१८६ कशाचे म्हणून शोधलं, तर गोव्यातल्या दिवाड बेटावरच्या तीन रात्रींचे. भाडं १८,६०० रुपये, त्याचा १ टक्का. आता दिवाड म्हणजे काय परदेश? रायबंदरच्या धक्क्यावरून फेरी सुटते, पायी माणसाला तिकीटसुद्धा पडत नाही. शेजारी एक बाई पाव भरलेली पिशवी घेऊन उभी असते आणि तिची जांभई पुरी व्हायच्या आत पलीकडचा काठ येतो. एवढ्या प्रवासात मी कुठली सीमा ओलांडली?

सासरे, म्हणजे आमचे बाबा, आमच्याकडेच असतात, मूळचे बेळगावचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ओळ वाचली.

"जावईबापू, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मी चौथीत होतो, शाळेत साखर वाटली होती. तुमच्या बँकेला कुणी कळवलं नाही वाटतं."

मग त्यांना त्यांच्या वडिलांची गोष्ट आठवली. रेल्वेने गोव्याला जाताना हद्दीवरच्या कॅसलरॉकला गाडी थांबे आणि ट्रंका उघडून दाखवाव्या लागत. "तेव्हा निदान आपण आपल्या हाताने ट्रंक उघडायचो," बाबा म्हणाले. "आता खिसा परस्पर उघडतात."

मी कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी ३ दाबलं, तेव्हा अत्यंत गोड हिंदीत एक बाई बोलू लागल्या. त्याआधी बावीस मिनिटं बासरी ऐकली होती, त्यामुळे माझ्यातला गुराखी शांत झाला होता.

"सर, आपका इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन है."

"मॅडम, मी गोव्यात होतो."

"जी सर, गोवा इंटरनॅशनल नहीं है."

"तेच म्हणतोय मी!"

"लेकिन ट्रान्झॅक्शन है."

यापुढे मला बोलायला काही उरलंच नाही. बिचारीने समजावलं मात्र नीट. खोली गोव्यातली, पैसे रुपयांत, पण ज्या साइटवरून मी बुकिंग केलं तिची नोंदणी परदेशातली. म्हणजे मी रायबंदरला फेरीची वाट बघत होतो तेव्हा माझे पैसे युरोपातल्या कुठल्याशा गावी जाऊन आले होते. माझ्या आधी, आणि माझ्याशिवाय. रुपयात पैसे भरले म्हणून १ टक्का. परकीय चलनात भरले असते तर याच कार्डावर साडेतीन टक्के लागले असते, हे तिने मला दिलासा म्हणून सांगितलं. फी परदेशी, पण तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी मात्र अस्सल स्वदेशी.

"पण सर, इंटरनॅशनल यूज आपने ही ऑन किया है."

हे खरं निघालं. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमाने नवं कार्ड येतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं. बाकीची बटणं आपण चालू करायची. ते बटण मीच चालू केलं होतं, मुलाच्या चित्रकलेच्या ॲपसाठी. त्याने त्यात एकच चित्र काढलं. माझं. मला त्यात केस नाहीत.

बायको म्हणाली, "२१९ रुपयांसाठी तू पाऊण तास घालवलास?"

"आणि ४८ पैसे," मी म्हणालो.

शेजारचे काका हे सगळं दारातून ऐकत होते. त्यांची जखम माझ्याहून मोठी. सिंगापूरला दुकानातल्या मशीनने त्यांना विचारलं, डॉलर की रुपये? काकांचा ऊर भरून आला. परदेशात आपला रुपया! त्यांनी अभिमानाने रुपये दाबले. दर लावला तो त्या मशीनने, स्वतःचा नफा आत घालून, आणि वर इकडच्या बँकेने रुपयांत व्यवहार केला म्हणून पुन्हा टक्का काढला. तेव्हापासून काका भेटेल त्याला सांगतात, बाहेर गेलात की तिथलंच चलन दाबा, देशप्रेम इकडे येऊन करा. काकूंचं म्हणणं वेगळंच : "आम्ही भूतानला गेलो तर तिथे आपल्या नोटा सरळ चालल्या, आणि यांना गोव्यात फॉरेन फी!"

मी ते बटण बंद केलं. फार मर्दुमकी गाजवल्यासारखं वाटलं.

परवा तारकर्लीचं ठरलं. सवयीने बोटं त्याच साइटवर गेली, खोली निवडली, ओटीपीचीही वेळ आली नाही. लाल अक्षरं : तुमच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत. तारकर्लीला! मग त्या खोलीचे फोटो मोठे करकरून बघितले. चौथ्या फोटोत झोपाळ्याच्या मागे भिंतीवर पाटी होती, अर्धी माडाच्या झावळीआड. दहापैकी नऊ आकडे दिसले. दहाव्यासाठी तीन अनोळखी घरांची झोपमोड केली आणि चौथ्या फोनला मालक सापडले.

भाडं साइटपेक्षा चारशेने कमी निघालं. कार्ड चालेल का, म्हणून मी विचारलं.

"कार्ड-बिर्ड काय नको," ते म्हणाले. "हजार रुपये धाडा, बाकीचे हंय इल्यार बघूया. माशे खातात मां?"

फोन ठेवला तर बाबा समोर उभे, हातात बॅग.

"विचारलंत ना नीट? तारकर्ली अजून आपल्यात आहे ना?"

"मालकांना फोन केला तर आहे," मी म्हणालो.