इथंच. पण...

दिवाळीत लेक पुण्याहून आली, सोबत तिच्या दोन मैत्रिणी. पाडव्याला शेतातच रोडग्यांचा, म्हणजे आरात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत ठेवला होता. कापूस फुटलेला, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली सतरंजी, गोवऱ्यांचा आर पडलेला आणि त्यात भरताची वांगी टाकलेली. रोडगे भाजायला वेळ लागतो, तेवढ्यात गप्पा रंगतात. एका मैत्रिणीनं विचारलं, "पैशाची, व्हिसाची, भाषेची काहीच अडचण नाही असं धरा. जगात कुठं राहायला आवडेल?"

कुणी न्यूझीलंड म्हटलं, पुतण्यानं कॅनडा म्हटलं, लेक म्हणाली, "समुद्र दिसेल असं कुठंही." माझी पाळी आली. मी म्हटलं, "इथंच. पण..." तेवढ्यात रोडगे काढायची घाई झाली आणि वाक्य तिथंच राहिलं. पंधरा दिवस झाले, तो 'पण' डोक्यातून जात नाही. कापूस वेचतानाही तोच. म्हणून आज लिहायला बसले. लांबेल, सांभाळून घ्या.

त्या रात्री लेकीनं मला मोबाइलवर एक यादी दाखवली. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट नावाची संस्था दरवर्षी जगातल्या १७३ शहरांना राहण्यायोग्यतेचे गुण देतं. स्थैर्याला २५ टक्के, संस्कृती-पर्यावरणाला २५, आरोग्याला २०, रस्ते-पाणी-वाहतुकीला २० आणि शिक्षणाला १०. २०२२ ते २०२४ तिन्ही वर्षं व्हिएन्ना पहिलं, २०२५ला कोपनहेगन. मला ही विभागणी पटली. पण यादी शहरांचीच. खेड्याला कुणी असे गुण देऊन बघितले तर काय निघेल, हा विचार तेव्हाच मनात आला.

दुसरा अहवाल आनंदाचा, 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट'. त्यात लोकांना विचारतात, शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी आहे, सर्वात वरच्या पायरीवर तुमच्या कल्पनेतलं सर्वोत्तम आयुष्य, तर तुम्ही आज कितव्या पायरीवर? २०१८पासून फिनलंड सलग पहिलं येतंय. २०२५च्या अहवालातली एक गोष्ट वाचून मात्र मी थांबले. आठवड्यातली किती जेवणं कुणासोबत बसून झाली, याचा माणसाच्या समाधानाशी घट्ट संबंध दिसतो म्हणे. आमच्या त्या रोडग्यांना अठरा माणसं होती. शेजारच्या वावरातले काकाजी नुसते पाण्याला आले होते, त्यांनाही बसवलं. हे आमच्याकडं कुणी ठरवून करत नाही. 'इथंच' म्हणताना माझ्या मनात हीच पंगत होती.

आता 'पण'.

पहिला घराचा. मी लग्न होऊन आले तेव्हा आमचं घर मातीचं होतं. दीड हात रुंदीच्या भिंती, सागाची मयाल म्हणजे तुळई, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढं सपरी म्हणजे पडवी. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना मधल्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर पडलं की झोप लागायची. आता आमच्यासकट जवळजवळ साऱ्यांनी स्लॅब टाकला. दिवसभर तो तापतो आणि रात्री दोनपर्यंत ती आग खाली सोडत राहतो. कूलर लावावा तर वीज जाते. माहेरी आलेल्या लेकी बाळाला घेऊन रात्रभर अंगणात फेऱ्या मारतात.

लोकांना अक्कल नव्हती म्हणून त्यांनी मातीची घरं पाडली, असं शहरातून आलेले काही अभ्यासू लोक बोलतात. ते मला फार लागतं. कवेलूवर माकडं नाचतात, दर पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात, फेरणारे हात राहिले नाहीत. कवेलू करणारे कुंभार दुसऱ्या कामाला लागले. सागाचं लाकूड आणायचं कुठून? आणि गळक्या छपराखाली भांडी मांडत ज्या बाईनं वीस पावसाळे काढले, तिला स्लॅबचं सुख काय असतं ते तिलाच विचारा. तरीही मला वाटतं, या उन्हाला साजेसं, न गळणारं, माकडांना न भिणारं घर आपल्याकडच्या शिकलेल्या पोरांनी शोधून काढायला हवं.

आमच्याच जिल्ह्यात याचा विचार एका माणसानं केला होता. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. शेगाव नावाचं मोठं गाव आधीच असल्यानं टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४०ला त्याचं सेवाग्राम झालं. आदर्श खेड्यातलं घर कसं असावं हे त्यांनी 'हरिजन'मध्ये १९३७च्या जानेवारीत लिहिलं: भरपूर उजेड, खेळती हवा, आणि पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानानं बांधलेलं. अंगणात भाजीपाला नि गुराढोरांना जागा. विहिरी सगळ्यांना खुल्या. चराईला गायरान, एकत्र बसायला जागा, शाळा, तंटे मिटवायला पंचायत. बापूकुटीत मी अनेकदा गेले आहे. उन्हाळ्यात आत पाय ठेवला की पाच मैलांचा अर्थ अंगाला कळतो.

पण गाव म्हणजे काय, हे सांगणारा दुसरा माणूसही याच मातीत येऊन उभा राहिला. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले, खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची, कोत्या मनाची आणि जातीयवादाची गुहा. आणि १९५६ला नागपुरात लाखो माणसं त्यांच्यासोबत एका नव्या वाटेला लागली. सेवाग्राम ते दीक्षाभूमी हे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आतलं आहे. मी दोन्हीकडं हात जोडते, आणि दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात हे मला एका मैत्रिणीनं शिकवलं.

आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. ती आता नागपुरात नोकरीला आहे. चार वर्षांपूर्वी भेटली तेव्हा मी आपल्या नादात बोलत होते, गावात किती मजा होती, नाला, बोरं, भुलाबाईची गाणी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुह्यं गाव अन् माह्यं गाव एकच होतं काय वं?"

मला उत्तर देता आलं नाही. भुलाबाई आमच्या आळीत बसायची. माझी ही मैत्रीण आमच्या सपरीपर्यंत यायची, त्याच्या आत कधी आली नाही, आणि हे माझ्या ध्यानात यायला मला वयाची चाळीशी ओलांडावी लागली. त्यांच्या मोहल्ल्याला पाणी मिळायचं ते आमच्या विहिरीवर कुणी ओतून दिलं तर. त्या विहिरीचं पाणी किती गोड होतं, हे मी हजारदा सांगितलं असेल. म्हणून माझ्या यादीत सगळ्यात जास्त गुण याला राहतील: त्या गावाला सगळ्यात कमी मिळालेला माणूस तिथं परत यायला तयार आहे काय?

पुढचा 'पण' रात्री डॉक्टरपर्यंत पोचण्याचा, तो थोडक्यात सांगते. तीन वर्षांपूर्वी जुलैत शेजारच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. नाल्याला पूर, रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी, बोलावलेली गाडी पलीकडं उभी. पोरांनी ट्रॅक्टरवर बसवून तिला पार नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण त्या रपट्यावर कंदील धरून उभी असलेली तिची सासू मला अजून दिसते. ज्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात, सेवाग्रामला, १९६९मध्ये देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, तिथली ही गोष्ट आहे. डॉक्टर आहेत, दवाखाना आहे, मधला नाला आडवा येतो. माझ्या यादीत आरोग्याचे गुण रपट्याच्या उंचीवरून ठरतील.

कापसाच्या भावाबद्दल इथं लिहीत नाही. आमच्या गल्लीत दोन घरं अशी आहेत की कर्ता माणूस भिंतीवरच्या फोटोत आहे. त्यावर लिहायला माझा हात उचलत नाही.

मी एकदा बचत गटाच्या बायांसोबत गडचिरोलीतल्या मेंढा लेखाला गेले होते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक, जवळपास १८०० हेक्टर जंगल. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा मी आधी ऐकली होती. तिथं जाऊन नवं कळलं ते हे की ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, एकजण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या सभेला. आमच्यातली एक जण परतीच्या बसमध्ये म्हणाली, "आपल्या इथं माह्या 'नाही'साठी कोन थांबन?" तिनं हे रागानं नाही, मनापासून विचारलं होतं. बसमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्या ग्रामसभेत बाया सतरंजीच्या कडेला बसतात, सही करतात आणि सैपाकाची वेळ झाली म्हणून उठतात. हा माझा आणखी एक 'पण', आणि यात माझाही दोष आहे. मीही सही करून उठलेली आहे.

हे सगळं लिहिताना लक्षात आलं की घरात एका माणसाला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. सासूबाई त्या दिवशी निंबाखालीच बसल्या होत्या, वांगी सोलत. परवा रात्री त्यांना विचारलं, "आई, तुम्हाले कुठंही राहू देलं असतं, तर कुठं राहिल्या असत्या?"

"मले कायले इचारतं?" म्हणाल्या. मग वात वळत बसल्या. मला वाटलं, विसरल्या.

त्यांचं माहेर धरणात गेलं. पुनर्वसनाच्या गावात मी गेले आहे. सरळ रस्ते, विजेचे खांब, समाजमंदिर, शाळा, नळ. कागदावर बघाल तर जुन्या गावापेक्षा सगळंच जास्त. पण घरं वाटली चिठ्ठ्या टाकून. ज्या दोन घरांची चाळीस वर्षं एक भिंत होती, त्यातलं एक गावाच्या या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला. पूर्वी भाजीत तिखट कमी पडलं तर भिंतीवरून वाटी जायची. नव्या गावात रस्ते इतके रुंद की पलीकडच्या ओट्यावर बसलेल्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. सासूबाईंची आई तिथं तीन वर्षं जगली. एवढं चांगलं पक्कं घर मिळालं, असं पाहुणे म्हणायचे, आणि ती मान हलवायची.

वाती झाल्या, डबीत भरल्या, आणि मग सासूबाई बोलल्या. "माह्या मायच्या भिंतीपल्याड एक होती. माह्याच वयाची. जिथं ते असन, तिथं."

इतक्या वर्षांत हे नाव, हे माणूस आमच्या घरात कधी निघालं नव्हतं. मी फोनाफोनी केली. त्या आजी आहेत, कारंज्याला लेकाकडं असतात, ऐकू थोडं कमी येतं. संक्रांतीला आम्ही दोघी जाणार आहोत. सासूबाईंनी आत्तापासूनच तिळाचा डबा वेगळा काढून ठेवलाय.