निष्पत्तीचा रकाना

मध्यंतरी एका ओळखीच्या घरी सांत्वनाला गेले होते. चेहरा जमेल तितका गंभीर ठेवून, पदर सावरून कोपऱ्यात बसले होते. घरातल्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि एवढ्या दुःखातही त्यांना राहवलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या भुवईवर काहीतरी चमकतंय."

ती चमकी होती. सोनेरी. मातृदिनाची. मातृदिन होऊन तोवर अडीच महिने झाले होते.

मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. पटावर ३४ मुलं. हे कुणी हळहळावं म्हणून सांगत नाही, चमकीचा खुलासा म्हणून सांगते. पूर्वी दुसरीच्या बाईंना बेरीज, वजाबाकी, कविता आणि नाक पुसणं एवढं आलं की भागायचं. आता 'उपक्रम' असतात आणि 'दिन' असतात. कॅलेंडरात तारखेचा चौकोन रिकामा दिसला की आमच्या मोठ्या बाईंना अस्वस्थ वाटतं. आणि प्रत्येक उपक्रमाचं टाचण काढावं लागतं. त्या टाचणात उद्देश, साहित्य, कृती असं सगळं झाल्यावर शेवटी एक रकाना असतो: अध्ययन निष्पत्ती. म्हणजे या उपक्रमातून मूल काय शिकलं. गंमत अशी की टाचण आदल्या दिवशी लिहायचं असतं. मूल उद्या काय शिकणार आहे हे बाईंनी आज लिहून सही करायची. बाजारात तुरी!

या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थांपाशी जाऊन पोचतं. त्यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. मुलांची बाग. खेळातून शिक्षण. मुलांच्या हातात त्यांनी लोकरीचे चेंडू दिले, लाकडी गोल आणि ठोकळे दिले, कागदाच्या घड्या आणि पट्ट्यांचं विणकाम दिलं. त्या यादीत चमकी नाही. मी शोधून पाहिलं. पुढे मारिया मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह काढलं आणि मुलांना त्यांच्या मापाच्या खुर्च्या-टेबलं दिली. फार थोर काम. फक्त त्या खुर्चीवर बसून ३४ कागदी फुलं चिकटवताना माझे गुडघे कानाला लागतात, त्याचा विचार दोघांपैकी कुणीच केलेला दिसत नाही. बाग म्हटली की सगळे फुलांकडे बघतात, माळ्याच्या कमरेकडे कोण बघतं?

तर मातृदिन. अमेरिकेत ॲना जार्व्हिस नावाच्या बाईंनी खटपट करून तो सुरू करवला, १९१४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीरही केला. पुढे त्याचा बाजार झालेला बघून त्याच बाई त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. छापील कार्डं तर त्यांना मुळीच खपायची नाहीत. मला हे वाचून त्यांच्याविषयी फार आदर वाटला आणि मी ठरवलं, कार्डं हाताने करायची, मजकूर मुलांनी स्वतःचा लिहायचा. टाचणात लिहिलं: 'विद्यार्थी आईविषयीच्या भावना स्वतःच्या शब्दांत व्यक्त करतात.'

व्यक्त केल्या. "प्रिय आई, तू मला फार आवडतेस. असं लिहायचं आहे." "प्रिय आई, तू फोनवर हसतेस तशी माझ्याशी पण हस." "प्रिय आई, कार्ड वाळेपर्यंत उभं धरू नको." एकाने नुसतंच "प्रिय आई" लिहून कागदाच्या कडेपर्यंत टिंबं काढली होती. विचारलं तर म्हणाला, "बाकीचं घरी बोलणारे."

डिंक लावून झाला. चमकीच्या पुड्या मी मुद्दाम स्वतःकडे ठेवल्या होत्या. शाळेतल्या मावशींनी सकाळीच बजावलं होतं, "बाई, ते चमचमतं आणलंत तर वर्ग तुम्ही झाडायचा." त्यामुळे मी प्रत्येक बाकावर चिमूटभरच ठेवत चालले होते. सगळ्या बाकांवर ठेवून झाली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, उकडतंय." आणि ज्याला उकडत होतं त्यानेच उठून पंखा लावला. पाचवर.

पुढचा अर्धा मिनिट माझ्या वर्गात जी शांतता होती तशी मी नोकरीत कधी अनुभवली नाही. ३४ मुलं माना वर करून बसली होती आणि वरून सोनं पडत होतं. मावशी दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. झाडू माझ्या टेबलाला टेकवून निघून गेल्या.

ज्वालामुखीचं फार सांगत नाही. मातीचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर. दोघांचा संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस उसळतो. खऱ्या ज्वालामुखीत सोडाही नसतो आणि व्हिनेगरही नसतं, तिथे वितळलेल्या खडकातला वायू बाहेर पडत असतो, असं मी समजावून सांगत होते. श्रोत्यांची प्रतिक्रिया एकच होती. "परत!" सात वेळा परत झालं. पुढे आठवडाभर वर्गाला लोणच्याच्या बरणीचा वास येत होता.

जागतिक शिक्षक दिन मात्र लागला. शिक्षकांचा दर्जा कसा असावा याविषयी युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ५ ऑक्टोबर १९६६ रोजी एक शिफारसपत्र स्वीकारलं, त्याची आठवण म्हणून १९९४ पासून हा दिवस पाळतात. शिक्षकांना मान मिळावा हा हेतू. त्यासाठी सजावट शिक्षकांनी करायची, कार्यक्रम शिक्षकांनी बसवायचा आणि त्या दिवशी मुलांनी शिक्षक व्हायचं. माझ्या वर्गात दोन वेण्यांवाली एक मुलगी आहे, फार कमी बोलते. तिने हात वर केला. माझी ओढणी घेतली, डस्टर टेबलावर दोनदा आपटलं आणि म्हणाली, "हा वर्ग आहे की मासळी बाजार?" मग बाटलीतून एक घोट पाणी प्यायली. घड्याळाकडे पाहिलं. उसासा टाकला. "चला, कालचं कुठे आलं होतं आपलं?" म्हणाली. परत घड्याळाकडे पाहिलं. वर्ग खिदळत होता आणि मी घाम पुसत होते. मी घड्याळाकडे इतक्यांदा बघते हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

ही मुलगी लक्षात ठेवा.

त्यानंतर आला शाळेचा शंभरावा दिवस. ही टूम मोठ्या बाईंनी बाहेरून कुठूनतरी आणली. वर्ष सुरू झाल्यापासून शाळेचे दिवस मोजायचे आणि १०० भरले की प्रत्येक मुलाने कुठल्याही १०० वस्तू आणून मोजून दाखवायच्या. टाचण: 'विद्यार्थी १० चे गट करून १०० पर्यंतच्या वस्तू मोजतात.' पालकांसाठी मी नेहमीची सूचनाही पाठवली. ती मला पाठ आहे: 'उपक्रम मुलांनी स्वतः करणे अपेक्षित आहे. पालकांनी घरून तयार करून देऊ नये. असे आढळल्यास उपक्रम ग्राह्य धरला जाणार नाही.' ही सूचना पाठवताना मला जरा बरं वाटतं. वर्षात एवढाच काय तो अधिकार.

३४ मुलं गुणिले १००, म्हणजे ३४०० वस्तू एका खोलीत आल्या. बटणं, खडे, काडेपेटीतल्या काड्या (गुल काढलेल्या, मी तपासल्या), मणी, पेन्सिलीची सालं. एकाने खोडरबर ब्लेडने कापून त्याचे १०० तुकडे केले होते, त्यामुळे त्याच्याकडे १०० खोडरबर होते आणि एकही नव्हता. एकीने कागदात गुंडाळून आजोबांचे १०० केस आणले. "आता आजोबांकडे थोडेच उरलेत," असं तिने सहज सांगितलं. एकजण मोकळ्या हाताने आला. म्हणाला, "माझी पणजी ९६ वर्षांची आहे. चार वर्षांनी आणतो."

आणि शेवटच्या बाकावरच्या महाशयांनी मुंग्या आणल्या.

काचेची बरणी, झाकणाला भोकं, आत माती. मी विचारलं, "शंभरच आहेत कशावरून?"

"मोजल्या."

"कशा मोजल्यास?"

"रांगेत होत्या."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पण टाचणात १० चे गट लिहिलेले होते आणि मी लिहिलेल्या शब्दाला जागणारी बाई आहे. म्हटलं, काढ बघू दहा. झाकण उघडलं.

मुंगी ही वस्तू १० च्या गटात बसत नाही. एवढं मी आता कुणालाही लिहून देईन. पुढची पंधरा मिनिटं वर्गात जे झालं ते जाऊ दे. झाकण परत लागलं तेव्हा पूर्ण वर्गाने काचेला नाक लावून मोजणी केली आणि आत ६१ भरल्या. महाशयांच्या डोळ्यांत पाणी. आणि इतक्यात पणजीवाला म्हणाला, "बाई, ३९ कमी." मी चमकून पाहिलं. शंभरातून एकसष्ट, म्हणजे हातच्याची वजाबाकी. गेले तीन आठवडे मी फळ्यावर डोकं आपटत होते आणि हा माणूस 'शून्यातून एक जात नाही' यावर अडून बसला होता.

उपक्रम तिथे संपला असं मी समजले. दुसऱ्या दिवशी कविता चालली होती. शेवटच्या बाकावरून आरोळी आली, "बाई, ६२!" बाकावर एक मुंगी सापडली होती. मग रोज. पाढे चालू असताना ७०, हजेरी घेताना ७४. महिनाअखेर तो ११७ वर पोचला. मी म्हटलं, अरे, शंभरच होत्या ना? तो म्हणाला, "वाट दाखवली असेल त्यांनी बाकीच्यांना." निष्पत्तीच्या रकान्यात हे कुठे मावणार?

आता घेवड्याचं बी. हे माझ्या आवडीचं. पारदर्शक पेला, ओला कापूस, एक बी, पेल्यावर नावाची चिठ्ठी, आणि रोज पाहून वहीत चित्र काढायचं. बी रुजायला उजेड लागत नाही. पाणी, हवा आणि ऊब लागते. बी कसंही ठेवा, उलटं, आडवं, आधी मूळ बाहेर येतं आणि ते वाट काढत खालीच जातं. दरवर्षी मी हे बघते आणि दरवर्षी मला तेवढंच नवल वाटतं. टाचण: 'विद्यार्थी अंकुरणाचे निरीक्षण करून नोंद ठेवतात.'

अडचण एकच. मुलांची माया. मुलांना वाटतं, पाणी जितकं जास्त तितकं झाड मोठं. पण पाण्यात बुडालेल्या बीला हवा मिळत नाही आणि ते सडतं. तरी यंदा ३३ पेल्यांत कोंब आले. आला नाही तो दोन वेण्यांवालीच्या पेल्यात. ती रोज मधल्या सुट्टीत आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्याला पाजत होती. शुक्रवारी तिचा पेला बघवत नव्हता. सोमवारी मोठ्या बाई वर्ग बघायला येणार होत्या.

मी काय केलं ते स्पष्टच सांगते. दरवर्षी मी घरी खिडकीत दोन-तीन बिया जास्तीच्या लावून ठेवते. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिचा पेला मी कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तिच्या नावाची चिठ्ठी माझ्या पेल्यावर चिकटवली. माझं रोप चांगलं वीतभर वाढलेलं, दोन पानं फुटलेलं, देखणं. शिक्षणात अशी थोडी माया चालते.

ती आली. पेल्यासमोर उभी राहिली. वाकून वास घेतला.

"बाई, हे माझं नाही."

"तुझंच आहे. बघ, नाव आहे."

"माझ्याला वास येत होता." आणि तिने वही उघडून दाखवली. पहिल्या दिवशी: बी फुगलं. तिसऱ्या दिवशी: साल सुटली. चौथ्या दिवशी: पाणी पांढरं. पाचव्या दिवशी: वास आला. प्रत्येकाखाली चित्र. वासाचंसुद्धा; तीन वेड्यावाकड्या रेघा आणि शेजारी एक नाक.

मग मावशींनी आणि मी कचऱ्याचा डबा उपसला. मावशी तेव्हाही काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर मातृदिन लिहिलेला होता. पेला सापडला. तिने तो दोन्ही हातांनी धरून जागेवर नेऊन ठेवला आणि मग जे ३३ जण आपापले कोंब विसरून गेले, ते वास घ्यायला रांगेत उभे राहिले. ओळीने. ढकलाढकली न करता. मुंग्यांसारखे. नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई आत आल्या.

"कसला वास येतोय?"

"माझ्या बीचा," दोन वेण्यांवाली म्हणाली. "मी रोज जास्त पाणी घातलं. म्हणून ते बुडलं." आणि वही पुढे केली. मोठ्या बाईंनी ती पहिल्या पानापासून वाचली. नाकाच्या चित्रापाशी थांबल्या. मग त्यांचं लक्ष खिडकीतल्या वीतभर रोपाकडे गेलं.

"अरे वा! आणि हे एवढं छान कुणाचं?"

३४ बोटं माझ्याकडे वळली.

"बाईंचं! बाईंनी घरून करून आणलं!"

मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी घड्याळाकडे पाहिलं. शेवटच्या बाकावरचे महाशय एवढा वेळ बाकाखाली काहीतरी शोधत होते, ते डोकं वर काढून विचारते झाले, "मग बाईंचं धरायचं नाही ना, बाई?"